दहा हजार फुटांवरचा नाकतोडा

"दहा हजार फुटांवर उडणारा किडा संध्याकाळपर्यंत मला आणून दाखव, नाहीतर बॅग भर!" रावसाहेब गरजले.

विमानातून उतरले तरी कानावरचा हेडफोन त्यांनी काढला नव्हता, त्यामुळे आवाज जरा जास्तच होता. विमान चार सीटचं, धावपट्टी त्यांच्याच शेतातली, आणि ते विमान पुसणारा मी, भैरव. पहाटे मी ते लख्ख करून दिलं होतं. आता पंखांच्या कडा, पुढची काच, सगळीकडे किड्यांचा चिवडा!

"साहेब, मी पहाटे पुसलं होतं."

"म्हणजे हे किडे मला वर भेटले? दहा हजार फुटांवरून आलोय मी! तिथं माशी फिरकत नाही. हे कालचे आहेत. तू पुसलंच नाहीस!"

हे सगळं माझ्यासाठी नव्हतंच. शेजारी थर्मास घेऊन माईसाहेब उभ्या होत्या. मागच्या महिन्यात रावसाहेबांनी विजेची तार जेमतेम चुकवली, तेव्हा माईसाहेबांनी बजावलं होतं, "पुन्हा इतक्या खालून उडालात तर विमान विकीन." आता स्वतःचं विमान वाचवायला म्हातारा माझ्या नोकरीचा बळी देत होता. मोठ्या माणसांचं असंच. त्यांनी चूक केली की तो अनुभव, आणि तो निस्तरायचा आपण!

बॅग भरायला वेळ लागला नसता. दोन पॅन्ट, एक टॉवेल, आणि मेकॅनिकलच्या पाच सेमिस्टरचे अकरा नापास विषय. पण बॅग घेऊन जायचं कुठं? घरी. घरी वडील, निवृत्त मुख्याध्यापक. ते रागावत नाहीत. ते जेवताना शेजारच्या मुलाचा पगार सांगतात. त्यापेक्षा किडे बरे. मेलेले तरी असतात.

आता मी हुशार असतो तर विमान पुसायला आलोच नसतो. पहिल्या दिवशी भांड्यांची घासणी घेऊन काचेला भिडलो! विमानाची काच काच नसते, प्लास्टिक असतं, हे कॉलेजात कुणी शिकवलं नाही. किंवा शिकवलं तेव्हा मी कँटीनमध्ये होतो. वीतभर ओरखडा पडला. रावसाहेबांनी त्याला नाव दिलं, भैरवरेषा. पाहुण्यांना बोट लावून दाखवतात.

त्यानंतर मात्र किड्यांचं शास्त्र मला पाठ झालं. या एकाच विषयात मी पास आहे.

"संध्याकाळ कशाला, साहेब?" मी म्हणालो. "दहा मिनिटं द्या."

मी टॉवेल बादलीत बुडवला आणि काचेवर पसरला.

"झोपवतोस काय त्याला?" रावसाहेब खेकसले.

"ताप उतरवतोय."

दोन मिनिटांनी टॉवेल उचलून अलगद फिरवला. काच साफ!

"अगं बाई! इतक्यात?" माईसाहेब पुढं आल्या.

"कालचे असते तर सिमेंट झाले असते, माईसाहेब. अर्धा तास भिजवून नख लावावं लागतं. हे आत्ताचे आहेत, नाश्त्याच्या वेळचे."

"पाण्यात औषध घातलं असेल यानं!" रावसाहेब म्हणाले.

"पिऊन दाखवू?"

"नको नको!" माईसाहेबांनी बादली सरकवली. "पण किडा कुठाय?"

मी वाकून चाकावरच्या झाकणात हात घातला. हाताला आला बोटभर हिरवा नाकतोडा. एक पाय गेलेला, पण जिवंत! उसाच्या तुऱ्याचा तुकडा घट्ट धरून बसला होता.

"हा घ्या. दहा हजार फुटांवरचा किडा."

"हा?" रावसाहेब खदखदून हसले. "अरे इंजिनियर, हा उसातला नाकतोडा! हा माझ्या डोक्यावरूनसुद्धा उडत नाही!"

माईसाहेब मात्र तुऱ्याकडे बघत होत्या. "आपल्या उसाला तर अजून तुरा नाही. हा कुणाच्या फडातला?"

"कुणाच्या म्हणजे? नदीपलीकडचा, व्याह्यांचा!" रावसाहेबांना राहवलं नाही. लेकीच्या लग्नात व्याही भर मांडवात म्हणाले होते, 'तुमचा ऊस म्हणजे शेळ्यांचा चारा.' ते काट्यासारखं रुतलेलं. "सगळ्या फडाला तुरा आलाय! साती एकरांना! वजन घटणार आता त्याचं! मी स्वतः बघितलं, एकेक कांडं..."

आणि त्यांनी जीभ चावली.

"दहा हजार फुटांवरून कांडं दिसतं?" माईसाहेबांनी थर्मास खाली ठेवला.

दुसरा कुणी असता तर शरमेनं मातीत गेला असता. पण रावसाहेबांना साठी ओलांडून दहा वर्षं झालेली. या वयात माणूस चूक कबूल करत नाही, आवाज वाढवतो.

"ते काही असो! मी दहा हजार फुटांवर होतो म्हणजे होतो! आणि अट म्हणजे अट! किडा आणला नाहीस. बॅग भर!"

"भरतो," मी म्हणालो. "पण आधी निवाडा तुम्हीच द्या. तुम्ही खरं बोलत असाल, तर हा तुमच्या चाकात बसून दहा हजार फुटांवर जाऊन आला. मग तुमची अट मी पुरी केली! आणि हा तिथं गेलाच नसेल, तर तुम्हीही गेला नाहीत. तुम्ही याच्या घरी गेला होता. मग किडे आजचे, माझं काम चोख, आणि बॅग भरायची ती का? बोला साहेब, कुठलं लिहून घेऊ?"

रावसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मग माईसाहेबांकडं. मग नाकतोड्याकडं. शेवटी हेडफोन काढला आणि असे हसले की धावपट्टीवरचे बगळे उडाले!

"हरलो, लेका! दोन्हीकडून हरलो! माग काय हवं ते!"

"शेजारची सीट. सात महिने बाहेरूनच पुसतोय."

"बस! आत्ता बस!"

"मी मागं बसते," माईसाहेब म्हणाल्या. "उंची मी बघणार. आजपासून रोज."

"आणि याचं काय?" मी तळहात पुढं केला.

"त्यालाही घे! एवढं त्याचं नाव झालंय, एकदा खरोखरच नेऊन आणतो!"

नाकतोडा थर्मासच्या टोपणात माझ्या मांडीवर बसला. विमान उडालं. सात महिने घासलेल्या काचेतून मी पहिल्यांदाच आतून बाहेर पाहिलं, आणि आभाळाच्या बरोब्बर मधोमध मला दिसली भैरवरेषा!