अकरा हजार न वाचलेल्या बातम्या

“…आणि समजा, भंते, एक दिवस नाहीच वाचलं, तर मी मागे पडणार नाही का?”

भंते रेवत चीवराची घडी खांद्यावर नीट बसवत होते. ती बसल्यावर त्यांनी विचारलं.

“कोनाच्या मागं?”

हर्षदीप गजभिये जरा अडखळला. “सगळ्यांच्या.”

हर्षदीप आमच्याच गावचा, वैनगंगेच्या काठचा. राहतो नागपूरला. मोबाईलच्या बातम्या मराठीतून सांगणारं त्याचं एक चॅनल आहे. चाळीस हजार माणसं ते बघतात, हे तो कुणी न विचारता सांगतो. मी इथला निवृत्त मास्तर. रोज सकाळी विहार झाडतो आणि भंतेंचं काही बोलणं कानावर पडलं तर वहीत उतरवून ठेवतो. त्या सकाळी झाडणं अर्धवटच राहिलं.

“हे क्षेत्र वेगळं आहे, भंते,” हर्षदीप म्हणाला. तो विहारातही चॅनलवरच्याच मराठीत बोलत होता. “रोज नवं मॉडेल येतं, नवं ॲप येतं, जुन्यात काहीतरी बदलतं. माझ्याकडे एक फीड रीडर आहे. ते जगभरातल्या चारशे बारा ठिकाणांहून बातम्या गोळा करतं आणि एका जागी रचून ठेवतं. मी पहाटे पाचला वाचायला सुरुवात करतो.”

“आन संपतं कधी?”

“संपत नाही.”

त्यानं फोन पुढे धरला. वरच्या कोपऱ्यात एक आकडा होता. न वाचलेल्या बातम्या : अकरा हजार तीनशे साठ.

भंतेंनी डोळे बारीक करून तो आकडा वाचला.

“हा कधी शून्य झाला होता का?”

“एकदा.” हर्षदीपचा चेहरा उजळला. “मागच्या वर्षी. बुद्धपौर्णिमेला जोडून सुट्टी होती. तीन दिवस घराबाहेर पडलो नाही. शेवटची बातमी वाचली आणि शून्य.”

“किती वेळ ऱ्हायला शून्य?”

“चार मिनिटं.”

“त्या चार मिनिटांत काय केलं?”

“यादी बोटानं खाली ओढली,” हर्षदीप म्हणाला. “नवीन काही आलं का बघायला.”

मला हसू आवरलं नाही. भंते हसले नाहीत. ते त्याच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे बघत होते.

“झोपतं किती?”

“तीन तास. कधी चार.” त्याचा आवाज उतरला. “दमलोय मी, भंते. दोन महिन्यांत चॅनलवर एकही व्हिडिओ टाकलेला नाही. करायला बसलो की वाटतं, आधी राहिलेलं वाचून घेऊ. डोळे मिटले तरी आकडा दिसतो. मला फक्त एवढं सांगा, हे सगळं वाचून संपवायचं कसं?”

भंतेंनी भिक्षापात्र उचललं.

“चाल माह्यासंगं.”

हल्ली बहुतेक ठिकाणी भिक्खूंना घरी बोलावून जेवू घालतात. भंते रेवत मात्र अजून पात्र घेऊन दारोदार पायी जातात. त्याला पिंडपात म्हणतात. त्याचे नियम साधे आहेत. घरं ओळीनं घ्यायची, मधलं एकही गाळायचं नाही. काही मागायचं नाही, वाढलेलं नाकारायचं नाही. पात्र भरलं की तिथूनच परत फिरायचं. दिवसाचं जेवण एकच, तेही बाराच्या आत.

मीही त्यांच्या मागून निघालो. वहीचं निमित्त होतंच.

पहिल्या घरी भात पडला. दुसऱ्या घरी तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी. तिसरं घर हर्षदीपच्या आईचं, पंचफुलाबाईंचं. त्या दारात उभ्याच होत्या. लाखोळीच्या डाळीचे वडे त्यांनी दोन्ही हातांनी पात्रात ठेवले, वंदन केलं आणि मग मुलाकडे बघितलं.

“काय रे बापू, कोनता फोन घ्याचा ते आज तरी सांगशीन का?”

“थांब ना माय,” हर्षदीप म्हणाला. चॅनलची मराठी एका क्षणात कुठल्या कुठे गेली. “गुरुवारी नवीन येऊन रायला. तो पाहू, मंग ठरवू.”

पंचफुलाबाई भंतेंकडे वळल्या. “दोन वर्सं झाली, भंते, गुरुवारच चालू हाय.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. असेल काहीतरी मोठं काम, अशाच भावानं त्या सांगत होत्या.

“आता जो हाय, त्याले काय झालं?” भंतेंनी विचारलं.

“आवाज गेला त्याचा. पलीकडचं मानूस बोलते ते आयकूच येत नाई. आठ महिने झाले.” त्या थोडं हसल्या. “मी आपली नंबर लावते, काय सांगाचं ते सांगते, आन ठेवून देते.”

“दुरुस्त नाई केला?”

“जुन्यावर कायले खर्च करतं, म्हने हा.”

“मंग तालुक्याले, पवनीच्या दुकानातून दुसरा घेऊन टाका.”

पंचफुलाबाईंना हा सल्ला मुळीच आवडला नाही.

“चाळीस हजार लोकं माह्या पोराले इचारतेत, भंते. मी काय दुकानदाराले इचारू?”

हर्षदीप खाली बघत होता.

भंतेंनी पात्रावर झाकण ठेवलं आणि ते माघारी वळले.

“भंते,” हर्षदीप मागून म्हणाला, “अजून आठ घरं आहेत पुढे. रामटेकेंकडे आज बारसं आहे. बासुंदी केली आहे त्यांनी.”

“मले माहीत हाय.”

“मग?”

“पात्र भरलं.”

“पण पुढचं जेवण यापेक्षा चांगलं आहे.”

“हाव,” भंते चालता चालता म्हणाले. “बासुंदी चांगलीच असन.”

त्यांना त्यात काहीच अवघड वाटत नव्हतं. बासुंदी मलाही आवडते, आणि मी मागे वळून एकदा रामटेकेंच्या घराकडे बघितलं, हे कबूल करतो.

वाटेत भंतेंनी विचारलं, “माय फोन लावते, तवा तू काय करतं?”

“बहुतेक वेळा वाचत असतो.”

“उचलतं?”

“उचलला काय आणि न उचलला काय, भंते, तिला ऐकू तर येत नाही.”

“उचलला नाई, तर ती काय करते?”

हर्षदीपची चाल मंदावली.

“वाजत असतानाच बोलून घेत असेल,” तो म्हणाला. “तिला कळत नाही ना, मी उचललाय की नाही ते.”

मला त्याचा राग आला. पोरगा शिकला, मोठा झाला, आणि त्याची आई आठ महिने नुसत्या वाजणाऱ्या फोनला गावच्या गोष्टी सांगते आहे. मी बोलणारच होतो. भंतेंनी माझ्याकडे एकदा बघितलं, तसा मी गप्प बसलो.

विहारात आल्यावर भंते जेवले. सावकाश, खाली बघून, न बोलता. पात्र धुतलं, पुसलं, पालथं घातलं. हर्षदीप समोर बसून होता. त्याचा फोन खिशात दोनदा थरथरला. दोन्ही वेळा त्याचा हात खिशापर्यंत जाऊन परत आला.

“दाखव तो फोन,” भंते म्हणाले.

“मघाशी दाखवला ना.”

“मघाशी आकडा दाखवला. फोन दाखव.”

हर्षदीपनं फोन त्यांच्या हातात दिला. भंतेंनी तो उलटासुलटा करून बघितला. काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकली होती. मागचं कव्हर जागेवर राहावं म्हणून त्याला रबर लावलं होतं.

“हा तुहाच का?”

“हो.”

“किती जुना?”

“पाच वर्षांचा.”

“नवा नाई घेतला?”

हर्षदीपचे कान लाल झाले. “घ्यायला जातो, भंते. पण दरवेळी वाचलेलं असतं, की पुढचा याच्याहून चांगला येणार आहे.”

आता मात्र भंते हसले. पोट हलेपर्यंत हसले. मीही हसलो. मलाही त्यानं दीड वर्षापूर्वी थांबायला सांगितलं होतं. मी थांबलो नाही. बाजारात गेलो, समोर होता तो घेतला, आणि तो बरा चालतो. हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, उगाच त्याला वाईट वाटायला नको.

हर्षदीप आधी रागावल्यासारखा बसला. मग त्याचे ओठ हलले, आणि तोही हसायला लागला. हसता हसता त्यानं डोळे पुसले.

“आता सांग,” भंते म्हणाले. “आज, या घडीले, तुह्या मायले कोनता फोन पाह्यजे?”

“असं एकदम सांगणं कठीण आहे, भंते. प्रोसेसर कोणता, कॅमेरा—”

“मायले.”

हर्षदीप जमिनीवर बोट फिरवत होता.

“आवाज मोठा पाहिजे,” तो हळूहळू म्हणाला. “अक्षरं मोठी पाहिजेत. बॅटरी दोन दिवस टिकली पाहिजे, ती चार्जर लावायचं विसरते. हातातून पडला तरी फुटायला नको.”

“असा हाय का कुठी?”

“आहे.”

“नाव माहीत हाय?”

“माहीत आहे. पवनीच्या दुकानातही मिळेल.”

“कधीपासून माहीत हाय?”

हर्षदीपनं मान वर केली.

“दीड वर्षापासून,” तो म्हणाला.

मला तिथं बसवेना. मी उठलो आणि झाडलेलाच कोपरा पुन्हा झाडून काढला.

मग मागून हर्षदीपचा आवाज आला. “मले वाटलं होतं, भंते, तुमी मोबाईलच सोडून दे म्हनान.” आता तो आमच्याशीही घरच्यासारखा बोलत होता. “तीच भीती घेऊन आलो होतो.”

“काहून सोडाचा? तुहं पोट हाय त्याच्यावर.”

“मंग या अकरा हजारांचं काय करू?”

“तूच सांग.”

हर्षदीपनं फोन घेतला आणि काचेवर दोन-तीनदा बोट टेकवलं. “इथं एक बटन हाय. हे दाबलं, की सगळं वाचून झालं असं ॲप धरून चालते. मी कधी दाबलं नाई.”

“काहून?”

“वाचलेलं नाई ना मी.” तो गंभीर झाला. “खोटं होईन ते. चौथं शील मोडन का, भंते?”

पंचशीलातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. शाळेत असताना हा मुलगा प्रश्न विचारून मला घाम फोडायचा, ते मला आठवलं.

भंतेंनी त्याचा प्रश्न नीट ऐकून घेतला. “खोटं कोनाले सांगून रायला?”

हर्षदीपनं खरोखर विचार केला. “ॲपले.”

“त्याले चालन.”

त्यानं बटण दाबलं.

आकडा गेला. अकरा हजार तीनशे साठ बातम्या होत्या तिथं काही उरलं नाही. हर्षदीप त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. त्याचं बोट आपोआप काचेकडे गेलं, यादी खाली ओढायला. काचेला टेकण्याआधी ते थांबलं. त्यानं ते मुठीत घेतलं आणि फोन खिशात टाकला.

त्यानं एक लांब श्वास सोडला. इतका लांब, की मलाच हायसं वाटलं.

“हलकं वाटून रायलं, भंते,” तो म्हणाला. “लय दिवसांनी.”

“चांगलं हाय.”

“पवनीची गाडी साडेबाराची हाय. मायले संगं नेतो. दुकानात तिच्या हातात देऊन पाहतो, आवाज पुरते का तिले.”

“ने.”

तो वाकला, वंदन केलं, आणि निघाला. त्याची चाल सकाळच्यापेक्षा मोकळी होती. चपला घातल्या, पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर तो थांबला.

मला वाटलं, काहीतरी विसरला असेल.

“भंते…”

“काय?”

“आन गुरुवारचा खरंच चांगला निघाला तर?”

“निघो,” भंते रेवत म्हणाले. “गुरुवारी तुही माय तुले फोन करन. उचलजो.”