महाराजांचा त्याग

काशीहून परतताच धवलराजाने दवंडी पिटवली, की महाराजांनी मैनाराणीचा त्याग केला आहे, आणि याला जो कोणी 'टाकली' म्हणेल त्याला राज्याबाहेर हाकलण्यात येईल.

काशीला गेलं की आपल्या आवडीची एक वस्तू तिथे सोडून यायची, पुन्हा म्हणून तिला शिवायचं नाही, ही जुनी रीत. लोक बिलंदर, ते कारलं सोडून येतात. हा राजा तर त्यांचाही बाप निघाला! राणीचे केस पिकले, शेजारच्या राज्यातून कोवळ्या राजकन्येचं स्थळ आलं, तेव्हा या पुण्यवंताने म्हणे आपली सर्वांत लाडकी राणीच देवाला वाहिली. दुसऱ्या दिवशी तिची रवानगी गावाबाहेरच्या पडक्या धर्मशाळेत व्हायची होती.

मुदपाकखान्यातल्या चांगुणेच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या पोरक्या पोरीला राणीनेच लहानाची मोठी केली होती. भर चौकात ती म्हणाली, "आमच्यात याला टाकली म्हणतात."

शिपायांनी तिला दरबारात उभं केलं. तिथे भाट आणि शास्त्री त्यागाचे गोडवे गात होते. गातील नाहीतर काय, पोटाचा प्रश्न होता! राजा मिशीला पीळ देत म्हणाला, "त्याग आणि टाकणं यातला फरक तुला कळतो ना? मग आज पंगतीत तो माझ्या ताटात वाढून दाखव. नाही जमलं, तर राणीबरोबर तूही चालू लाग."

फरक म्हणे ताटात वाढ! दरबारी फिदीफिदी हसले. चांगुणा पदर खोचून चुलीपाशी गेली.

पंगत बसली. पानापानावर तुपाने निथळणारी पुरणपोळी पडली. राजाच्या ताटात मात्र नुसता वरणभात. पुरणपोळी म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याने शेजारच्या पानाकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि ताडकन उठला. "माझी पोळी कुठे आहे?"

"काशीला वाहिली, महाराज," चांगुणा म्हणाली. "एक पोळी चुकली तर पाटावरून उठलात. राणीसाहेबांचा पाट तुम्ही आल्यापासून रिकामा आहे, त्या जेवल्या का, हे एकदा तरी विचारलंत? जे सोडताना आपला जीव कासावीस होतो, तो त्याग. जिला सोडलं तिचाच जीव कासावीस होतो, ते टाकणं. आता देवाला काय द्यायचं ते तुम्हीच सांगा."

राजा शेजारच्या पानातल्या पोळीकडे बघत राहिला, आणि एकाएकी पोट धरधरून हसू लागला. "हरलो, बाई! पोळी देवाला, राणी घराला!"

राजकन्येच्या स्थळाला नकार गेला. चांगुणेच्या हातात सोन्याच्या पाटल्या चढल्या. मैनाराणी मानाने पाटावर येऊन बसली, तिच्या पानात दोन पोळ्या पडल्या आणि महाराज मुकाट्याने वरणभात कालवू लागले.