पेलसाहेबाची वाट

फार वर्षं झाली. खारवलीच्या खाडीवर पूल नव्हता, बंदरात शिडाची गलबतं लागायची, तेव्हाची ही गोष्ट.

त्या काळी विलायतेतून पेल नावाचा साहेब आला. लंडनचा नव्हे, तिकडच्याच एका लहानशा बाजारगावचा. तिथं त्यानं चर्च बांधली, शाळा बांधल्या, धान्याचा बाजार बांधला. चित्रंही काढायचा. बायको वारली, तसा तो सरकारी कचेरी बांधायला इकडे आला. दिवसभर काम बघायचा आणि उन्हं उतरली की एखाद्या घरासमोर बसून त्याचं चित्र काढायचा. खांब, कूड, अंगण, सगळं मोजूनमापून. असं म्हणतात, चित्रातले दाणे टिपायला कोंबड्या यायच्या.

तीन वर्षांत गावची साठही घरं कागदावर आली. मग एका वैशाखात आग लागली, वर वारा सुटला, आणि गवताची ती सगळी घरं दुपारभरात जळाली. माणसं वाचली, पण कुणाची हद्द कुठं होती, राखेत कळेना. भांडणं जुंपली.

आवडी नावाची एक विधवा होती. तिला माहेरही उरलं नव्हतं. तिचा दीर धाकू म्हणाला, "वैनी, तुझं घर इथं नव्हतंच. तू आमच्या पडवीत राहायचीस."

ती रडत साहेबाकडे गेली. साहेबाचा मुक्काम गावाबाहेर कचेरीच्या कामावर होता, म्हणून चित्रं वाचली होती. ती सगळी त्यानं पारावर पंचांपुढं मांडली. एका चित्रात आवडीचं घर होतं, आणि शिडीवर चढून तिचं छप्पर शाकारणारा एक माणूस.

"हा कोण रे, धाकू?" पंचांनी विचारलं.

धाकू चित्रावर वाकला. "मीच," तो म्हणाला. "वैनी, तुझा पहिला खांब मी पुरतो."

साहेबानं कचेरीवरचे गवंडी गावात आणले. दगडी जोती घातली, आणि आग एका घरावरून दुसऱ्यावर उडू नये म्हणून दोन घरांमध्ये आठ हात वाट सोडली. असं म्हणतात, मिरगाच्या आत साठही घरं उभी राहिली. कचेरी अर्धवटच राहिली. वरच्यांनी जाब विचारला तेव्हा साहेब एवढंच म्हणाला, "तिथं कोण राहणार होतं?"

त्याला कामावरून काढलं. ज्याचं चित्र त्याच्या घरी देऊन तो गलबतात बसला.

खारवलीत अजूनही घर बांधताना आधी वाट आखतात. तिला पेलसाहेबाची वाट म्हणतात. भाऊ वेगळे होतात, कोर्टात जातात. पण त्या वाटेवर कुणी चुलीचं लाकूडसुद्धा रचत नाही.