वीरमाची कुई

जैसलमेरपासून पुष्कळ पश्चिमेला, समाध्यांवरच्या पिवळ्या दगडाच्या छत्र्या आणि वाळूच्या टेकड्या पाहून झाल्या की वाटाडे हमीरजी पाहुण्यांना एका खेजडीच्या झाडापाशी नेतात. तिथे एक कुई आहे. कुई म्हणजे वाळूत खोल खणलेली, माणूस जेमतेम मावेल एवढी अरुंद विहीर. आत डोकावलं तर भिंतीला लागून गवताच्या जाड दोराची वेटोळी खाली उतरत गेलेली दिसतात आणि अर्ध्यावर संपतात. त्याखाली अंधार.

"पुढचा दोर कुठे गेला?" पुण्याहून आलेल्या एका बाईंनी विचारलं.

"सावलीला बसा, बाईसा," हमीरजी म्हणाले. "हे उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही."

पूर्वी इथे दोन ढाण्या होत्या, असे सांगतात. दोन वस्त्या, एक वरची, एक खालची. त्यांचं वैर होतं. कशावरून, ते आता कुणाला सांगता येत नाही. तेव्हा तरी येत होतं की नाही, कोण जाणे! पण दोन्हीकडच्या पुरुषांनी पाण्याच्या लोट्यात मीठ टाकून शपथ घेतली होती : पलीकडच्यांशी बोलायचं नाही, त्यांच्याकडे काही मागायचं नाही. मोडेल तो त्या मिठासारखा विरघळेल.

मग सलग दुष्काळ पडले. खालच्या ढाणीचं तळं तडकलं. तिथला वीरमा कुई खणण्यात तरबेज होता, आणि वर उभी राहून त्याला साथ देणारी त्याची बायको झमकू त्याहून तरबेज. खोल कुईत हवा कोंडते, जीव घुसमटतो. म्हणून वरून मूठमूठ रेती जोरानं फेकत राहायची. रेतीबरोबर ताजी हवा खाली जाते, तापलेली वर येते. खणणारा डोक्यावर पितळी भांडं घालतो. त्यावर रेती वाजत राहिली की त्याला कळतं, वर आपलं माणूस आहे.

भिंत ढासळू नये म्हणून खींप गवताचा दोर वळून तो आतून रचत जावा लागतो. खींप उगवायचं वरच्या ढाणीच्या रानात. आता मागणार कसं?

"आहे तेवढ्यात भागव," वीरमाचा थोरला भाऊ भोमा म्हणाला. वीरमानं भागवलं. दोर कुईच्या तोंडाशीच संपला, तरी तो खाली खणत गेला.

ओल हाताला लागली त्याच दुपारी भिंत घसरली. वीरमा कमरेपर्यंत गाडला गेला.

"ओढू नका!" तो खालून ओरडला. "ओढाल तर सगळीच अंगावर येईल. आधी दोर रचा. आणि झमकू, हात थांबवू नकोस."

झमकू रेती फेकत राहिली. फेकता फेकताच तिनं टेकडीवर शेळ्या चारणाऱ्या वरच्या ढाणीच्या बायकांना हाक घातली, "खींप द्या गं! माझा माणूस आत आहे!"

भोमा अंगावर धावून आला. "शपथ मोडलीस!"

"मी कुठे घेतली होती?" झमकू म्हणाली. "लोटा तुम्ही पुरुषांनी फिरवलात. मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही."

"आम्हांला तरी कुणी विचारलं?" टेकडीवरून पेंपाकाकी नावाची म्हातारी उतरत होती. डोक्यावर खींपचा हा मोठा भारा. "सर रे भोमा. नुसता खांबासारखा उभा आहेस, दोर तरी वळ."

"वर पंचायत भरवली काय?" खालून वीरमाचा आवाज आला. "रेती टाका!"

झमकू हसली. ते तिचं शेवटचं हसू, म्हणे.

वरच्या ढाणीचे पुरुष आले, खाली मान घालून दोर वळायला बसले. झमकूचे हात गळाले की पेंपाकाकी फेकायची, मग दुसरी कुणी. वेटोळी अर्ध्यापर्यंत पोचली, आणि खालची भिंत पुन्हा घसरली. वीरमाच्या कमरेला बांधून वर आणलेला दोर हलवून पाहिला. खालून उत्तर आलं नाही. भांडंही वाजेना.

सगळ्यांना कळलं. पण थांबायचं कुणी? जो आधी थांबेल, तो झमकूला सांगणार की वीरमा गेला. झमकूनं ओंजळ भरली, मूठ आवळली आणि फेकली. तिच्यामागून भोमानं. त्याच्यामागून वरच्या ढाणीच्या एका माणसानं, जो भोमाशी जन्मात बोलला नव्हता.

झमकूनं हातातला चुडा कधी उतरवला नाही, असे सांगतात. दोन्ही ढाण्यांनी रेती फेकायच्या पाळ्या लावून घेतल्या. एकमेकांना पाळी सांगायची, तर बोलावं लागे. पुढे त्यांची एकच ढाणी झाली, आणि पाणीही एकच.

आजही या वाटेनं जाणारा माणूस, गावचा असो की परका, कुईत मूठभर रेती जोरानं फेकल्याशिवाय पुढे जात नाही. इतकी वर्षं झाली, पण कुई भरलेली नाही. आणि झमकूला सांगायला अजून कुणी गेलेलं नाही.