श्रीमंतांची पाटी आणि घाटातली वाफ

कराडच्या आबासाहेब ढमढेऱ्यांची दोन माणसांची लाल रेसची गाडी घाटात हटकून उकळायची. उकळेल नाही तर काय? पुढच्या जाळीवर परातीएवढी पितळी पाटी ठोकलेली, ‘श्रीमंत आबासाहेब’! आत वारा शिरणार कुठून? पण पाटी काढा म्हटलं की स्वारी चवताळायची.

शेवंताबाईंचं रेडिएटरचं दुकान आबासाहेबांच्याच गाळ्यात होतं. भर वैशाखात ते तिथं आले आणि कूलरपुढं खुर्ची ओढून गरजले, "बाई, तुझा हा नवा रेडिएटरही कुचकामी निघाला. याहून मोठा घाल. पाटीला हात लावायचा नाही. अन् गाडी पुन्हा उकळली तर गाळा खाली कर!"

शेवंताबाई फटकळ, पण आज वाद न घालता कामाला लागल्या. त्यांनी एक पत्रा घेतला, त्यावर खडूनं ‘श्रीमंत आबासाहेब’ लिहिलं आणि तो कूलरच्या तोंडावर उभा केला.

जरा वेळानं आबासाहेब घामानं निथळले. "अगं, काढ तो पत्रा! जीव गुदमरतोय!"

"काढू कशी? तुमचं नाव आहे त्यावर. त्यापेक्षा याहून मोठा कूलर आणू का?"

आबासाहेबांनी पत्र्याकडं पाहिलं, मग दारातल्या गाडीकडं.

"पाना दे," ते पुटपुटले. पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं सोडवली आणि कडेवरच्या पोरासारखी धरून उभे राहिले. "आता ही लावू कुठं?"

"मागं लावा की! पुढं गेलेली गाडी कुणाची, ते मागं राहिलेल्यांना वाचता येईल."

आबासाहेबांची मिशी हसली. गाळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.