येसोबाने कोरलेला बांध

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा राजा कोण होता, हे सांगणाऱ्यांनाही आता आठवत नाही.

डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. शेतं पायऱ्यांसारखी, एकाखाली एक. दोन शेतांमध्ये चार हात रुंद बांध, त्यावर गवत आणि बोरी-बाभळी. दर उन्हाळ्यात सगळा गाव मिळून हे बांध दुरुस्त करी. आज याच्या शेतावर, उद्या त्याच्या. ज्याचं शेत, त्याच्या घरची भाकरी. या रीतीला लोक इर्जिक म्हणत.

सगळ्यात वरचं शेत येसोबाचं. त्याच्या खालचं गोजरामावशीचं. ती एकटीच राहायची; लेक दूरच्या गावी दिलेली.

एका वर्षी नांगरताना येसोबाच्या मनात आलं, 'एवढी जागा नुसती गवताला कशाला?' त्याने बांधाची एक पट्टी नांगरून घेतली.

मावशीने ते पाहिलं. "येसोबा, बांध कोरू नकोस रे. पाणी त्याच्यापाशीच थांबतं."

"मावशी, तुझ्या बाजूचं कुठं घेतलंय? माझ्याच बाजूचं कोरलंय."

"बांधाला बाजू नसते, बाबा."

त्या साली येसोबाला दोन पोती बाजरी जास्त झाली. पुढच्या वर्षी त्याने आणखी एक पट्टी घेतली. ते बघून बाकीच्यांचेही नांगर आपापल्या बांधाला लागले. पाच-सहा वर्षांत बांध हातभर उरले. इर्जिकीला कुणी येईना. "दुरुस्त करायला राहिलंय काय?" असं म्हणून लोक हसत. मावशी मात्र उन्हात एकटीच दगड रचत राहायची.

मग एका भादव्यात तीन दिवस पाऊस थांबला नाही. येसोबाच्या शेतातलं पाणी अडेना. ते मावशीच्या शेतात घुसलं, तिथून खालच्या, तिथून त्याच्याही खालच्या. चौथ्या दिवशी लोक बाहेर पडले, तर वरपासून खालपर्यंत मुरूम उघडा पडलेला. पिढ्यान्‌पिढ्यांची काळी माती नदीला गेली होती. मावशीची विहीर गाळाने काठोकाठ भरली होती.

येसोबा मान खाली घालून तिच्यापुढे उभा राहिला. "मावशी, चार शिव्या तरी दे."

"शिव्या देऊन माती वर चढली असती, तर दिल्या असत्या रे," ती म्हणाली.

आठ दिवसांनी मावशी लेकीच्या गावाला निघाली. जाताना घरोघर निरोप घेत ती येसोबाच्या दारातही थांबली. बाहेर यायचा त्याला धीर झाला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात येसोबा दारोदार फिरला. हात जोडून त्याने इर्जिक बोलावली. सगळे आले. बांध पुन्हा उभे राहिले, पण पेरायचं कशात? उरलेलं आयुष्य येसोबा नदीकाठचा गाळ डोक्यावरून वर वाहत राहिला. पहिली पाटी नेहमी मावशीच्या शेतात टाकी. तिथे गवत उगवलं, पण पीक बघायला तो राहिला नाही. मावशीही परत आली नाही.

जे सगळ्यांना धरून असतं, ते एकट्याच्या लोभापायी कोरलं, तर पुढचा पश्चात्ताप एका जन्माला पुरत नाही.