शिंप्याची शीळ

फार जुन्या काळी एका गावात एक शिंपी होता. हात कपडे शिवण्यात, पण जीव सगळा पाखरांत! कुठलं पाखरू कुठे घरटं करतं, काय खातं, कधी काय बोलतं, सारं त्याला ठाऊक. संध्याकाळी सुई ठेवली की तो मुलांना रानात नेई आणि सांगे, "बाळांनो, आधी नीट बघायला शिका. गलोल हातातून आपोआप सुटेल." आणि खरंच, त्या गावातल्या मुलांच्या हातातल्या गलोली सुटल्या.

त्याच्या घरामागच्या आंब्याच्या ढोलीत दयाळ पक्ष्याच्या जोडप्याचं घरटं होतं. शिंप्याने नराची शीळ हुबेहूब उचलली. त्याने अंगणात शीळ घातली की काळापांढरा दयाळ शेपटी उंचावून समोर हजर! मुलं टाळ्या पिटत. "बघा, माझा दोस्त आला," असं म्हणताना शिंप्याच्या अंगावर मूठभर मांस चढे. तो का येतो, हे मात्र या जाणत्याने स्वतःला कधी विचारलं नाही.

जत्रेला गावोगावचे लोक आले. "शिंपीदादा, आम्हांलाही दाखवा की!" झालं! नवे लोक, पुन्हा शीळ, दिवसभर हेच.

दुपार कलता कलता आंब्यावरून मादीचा कर्कश आवाज आला. त्याचा अर्थ गावात एकट्या शिंप्याला कळत होता: घरट्यातल्या पिल्लांवर संकट! त्याचे ओठ थबकले. दयाळही तिकडे वळला. पण समोर पाटलीणबाई नातवंडांना घेऊन उभ्या होत्या. 'एवढ्यांना दाखवू आणि जाऊ,' असं मनाशी म्हणत त्याने आणखी एक शीळ घातली. दयाळ माघारी आला.

शिंपी झाडाशी पोहोचला तेव्हा धामण ढोलीतून बाहेर सरकत होती. पिल्लं उरली नव्हती.

"दोस्ता, चुकलो रे मी," शिंपी रडू लागला.

"दोस्त?" फांदीवरून दयाळ म्हणाला. "मला वाटायचं, माझं झाड बळकावायला दुसरा नर आलाय. मी दर वेळी तुझ्याशी भांडायला यायचो. आज तुला हाकलता हाकलता घराकडे बघायचं राहून गेलं."

जोडपं उडून गेलं, ते पुन्हा आलंच नाही.

शिंपी पुढेही मुलांना रानात नेत असे, पण ओठ मिटून. अंगणात कुणी म्हणालं, "शीळ घाला ना," की तो त्या रिकाम्या ढोलीकडे बोट दाखवी.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, ज्याला जीव लावला, त्याला आपल्या वाहवेसाठी राबवू नये.